छेद लहान, पण हृदय किती वेळ थांबले होते?

मोठ्या शहरांतल्या रस्त्यांवर खासगी रुग्णालयांचे फलक आता सवयीचे झाले आहेत. ‘हाड न कापता झडपेची शस्त्रक्रिया’, ‘छोटा छेद, लवकर घरी’, ‘रोबोटच्या साहाय्याने हृदयशस्त्रक्रिया’ असा मजकूर आणि शेजारी हसऱ्या चेहऱ्याचा रुग्ण. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये बसलेल्या शल्यविशारदाने जयपूरमधील रुग्णाच्या हृदयशस्त्रक्रियेचा एक भाग देशी बनावटीच्या रोबोटने दुरून पार पाडल्याची बातमी आली, तेव्हा या कुतूहलात आणखी भर पडली. परिणाम असा, की झडप खराब झालेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांसमोर बसले की पहिला प्रश्न छेदाचा असतो. किती मोठा? टाके किती? व्रण दिसेल का?

हा प्रश्न गैर नाही. पण त्याच्या मागे दुसरा एक प्रश्न झाकला जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय किती वेळ थांबवून ठेवणार आणि तेवढ्या वेळात त्याच्या स्नायूचे रक्षण कसे करणार? छेदाची लांबी रुग्णाला आरशात दिसते. हृदयस्नायूला झालेली इजा मात्र दिसत नाही. ती अतिदक्षता विभागात रक्तदाब टिकवण्यासाठी लागणाऱ्या औषधांच्या मात्रेत दिसते, लांबलेल्या मुक्कामात दिसते, आणि कधी कधी वर्षभरानंतर जिना चढताना लागणाऱ्या धापेत दिसते. छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियांचे खरे मूल्यमापन करायचे तर या न दिसणाऱ्या बाजूकडे आधी पाहावे लागेल.

हृदय उपाशी का राहते?

झडपा हृदयाच्या आत असतात. त्या दुरुस्त करायच्या किंवा बदलायच्या तर हृदय उघडावे लागते, आत रक्त नको आणि हालचालही नको. हे शक्य झाले हृदय-फुफ्फुस यंत्रामुळे. मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी या यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. यंत्र रुग्णाचे रक्त बाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते आणि ते पुन्हा शरीरात सोडते. मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना रक्त मिळत राहते.

एकट्या हृदयाला मात्र ते मिळत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर फुटतात. हृदय कोरडे करण्यासाठी शल्यविशारद महाधमनीवर चिमटा लावतात, तेव्हा यंत्राकडून येणारे रक्त चिमट्याच्या पलीकडे अडते आणि करोनरी धमन्यांपर्यंत पोहोचतच नाही. चिमटा लावल्यापासून काढेपर्यंतच्या वेळेला शस्त्रक्रियागृहात ‘क्लॅम्प टाइम’ म्हणतात. हृदयासाठी हा निव्वळ उपासाचा काळ असतो.

उपास सोसायचा तर आधी भूक कमी करायला हवी. नेहमीसारखे काम करणारे हृदय दर १०० ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला साधारण ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू वापरते. तेच हृदय रिकामे करून पूर्ण थांबवले, तर ही गरज १ मिलिलिटरच्या आसपास येते. त्यात ते २२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केले, तर गरज ०.३ मिलिलिटरपर्यंत उतरते. म्हणजे सर्वांत मोठी बचत थांबवण्याने होते आणि थंडाव्याने त्यात भर पडते. आपण सुटीत गावी जाताना एकेक दिवा पाहत बसत नाही, मेन स्विचच बंद करतो. हृदयाचेही तसेच. ते नुसते मंद करून भागत नाही. रक्तपुरवठा बंद असताना ते धडधडत किंवा थरथरत राहिले, तर साठवलेली ऊर्जा काही मिनिटांत संपते.

पोटॅशियमचा धडा

हा मेन स्विच म्हणजे पोटॅशियम. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. हृदयाच्या धमन्यांत ते काही पट वाढवले की पेशींच्या आवरणावरचा विद्युतभार बदलतो, सोडियमची दारे बंद राहतात आणि पुढचा ठोका उमटत नाही. हृदय शिथिल अवस्थेत थांबते. असे थांबवणाऱ्या द्रावणाला ‘कार्डिओप्लेजिया’ म्हणतात.

ही कल्पना डॉ. डेनिस मेलरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये लंडनमध्ये मांडली. त्यांनी पोटॅशियम सायट्रेट वापरले, पण ते फार तीव्र होते. हृदय थांबायचे, मात्र स्नायूला इजा व्हायची. काही वर्षांतच ही पद्धत मागे पडली आणि बरीच वर्षे शल्यविशारदांनी पोटॅशियमला हात लावला नाही. स्टॅनफर्डमध्ये डॉ. नॉर्मन शमवे हृदयावर बर्फासारखे थंड सलाईन ओतत, तर इतर ठिकाणी चिमटा अधूनमधून सोडून काम चाले. या काळाची किंमत किती होती, हे १९७२ मध्ये डॉ. डेन्टन कूली यांनी वर्णन केलेल्या ‘दगडी हृदया’वरून कळते. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेली असे, पण चिमटा काढल्यावर हृदय मुठीसारखे आवळलेले राही आणि पुन्हा सैल होतच नसे. पेशींतली ऊर्जा संपली की स्नायूचे तंतू एकमेकांना सोडत नाहीत. मृत्यूनंतर शरीर ताठरते त्यासारखीच ही प्रक्रिया, फक्त रुग्ण अजून टेबलावर असे.

सत्तरच्या दशकात पोटॅशियम परतले, या वेळी सौम्य प्रमाणात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डेव्हिड हर्स आणि डॉ. मार्क ब्रेमब्रिज यांनी प्रयोगशाळेत एकेक घटक तपासून द्रावण बसवले. आजही ते त्या रुग्णालयाच्या नावाने जगभर वापरले जाते. जर्मनीत हान्स ब्रेटश्नायडर यांनी वेगळी वाट धरली. सोडियम अगदी कमी ठेवून आणि हिस्टिडिन या अमिनो आम्लाने आम्लता आवरून हृदय दीर्घकाळ सुरक्षित ठेवणारे ‘एचटीके’ द्रावण त्यांनी तयार केले. अमेरिकेत डॉ. जेराल्ड बकबर्ग यांनी हे द्रावण रुग्णाच्याच रक्तात मिसळून द्यायला सुरुवात केली, म्हणजे थांबवतानाच थोडा प्राणवायूही पोहोचतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गमध्ये डॉ. पेद्रो डेल निडो यांच्या गटाने तान्ह्या मुलांच्या हृदयासाठी आणखी एक मिश्रण तयार केले. त्यात मॅग्नेशियम आणि लिग्नोकेन घालून पेशीत घुसणाऱ्या कॅल्शियम-सोडियमला आवर घातला. आज मोठ्यांच्या शस्त्रक्रियांतही, विशेषतः छोट्या छेदाच्या, ते झपाट्याने पसरले आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. हृदयशस्त्रक्रिया सुरक्षित झाली ती केवळ हातांच्या कौशल्यामुळे नव्हे. शल्यविशारद टाके घालत असताना हृदयाचा उपास सुसह्य करण्याचे तंत्र सुधारत गेले, म्हणूनही ती सुरक्षित झाली.

लहान खिडकीतून काय अवघड होते?

नेहमीच्या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापले जाते आणि हृदय समोर येते. शल्यविशारदाला ते दिसते, हाताला त्याचा ताण कळतो. उजवी बाजू फुगली तर लगेच ध्यानात येते. वरून बर्फाचे पाणी ओतता येते. महाधमनीवर सरळ चिमटा लावता येतो, द्रावण देण्याची सुई हवी तिथे बसवता येते.

मायट्रल झडपेच्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत उजव्या बाजूला, बरगड्यांच्या मधून काही सेंटिमीटरची वाट काढली जाते. काम कॅमेऱ्याने आणि लांब दांड्याच्या उपकरणांनी चालते. हृदय-फुफ्फुस यंत्राच्या नळ्या बहुधा जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून घालतात. महाधमनी बंद करण्यासाठी छातीच्या भिंतीतून आत जाणारा लांब चिमटा वापरतात, नाहीतर जांघेतून वर सरकवलेल्या नळीच्या टोकाचा फुगा महाधमनीत फुगवतात. फुगा जागचा सरकला, तर एकीकडे मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो किंवा दुसरीकडे हृदयाचे रक्षण अपुरे पडते. क्वचित महाधमनीच्या भिंतीचे पापुद्रे सुटण्याचा धोकाही असतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी छाती-पोट-जांघेपर्यंतच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेदरम्यान अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी, या दोन गोष्टींना इथे पर्याय नाही.

द्रावण देण्यातही अडचणी आहेत. डावा कर्णिका-कप्पा उघडून मागे ओढून धरला की महाधमनीचे मूळ किंचित वाकडे होते आणि तिथली झडप गळू लागते. अशा वेळी द्रावणाची दुसरी मात्रा द्यायची तर ते करोनरी धमन्यांत जाण्याऐवजी डाव्या कप्प्यात गळते, कप्पा फुगतो आणि रक्षणाऐवजी ताणच वाढतो. मग ओढ सैल करा, काम थांबवा, मात्रा द्या, पुन्हा मांडणी करा. महाधमनी झडपच गळकी असेल तर द्रावण थेट करोनरी धमन्यांच्या तोंडाशी द्यावे लागते. हृदयाच्या शिरेतून उलट दिशेनेही ते देता येते. पण त्या वाटेने उजव्या कप्प्यापर्यंत ते नीट पोहोचत नाही. उजवा कप्पा छातीत पुढच्या बाजूला असतो, लवकर कोमट होतो, आणि छोट्या छेदात त्यावर बर्फाचे पाणी ओतायला जागा नसते.

शेवटची परीक्षा चिमटा काढताना असते. हृदयात अडकलेली हवा सर्वांत वर असलेल्या उजव्या करोनरी धमनीत शिरण्याची शक्यता जास्त. उघड्या छातीत हृदय हाताने हलवून ही हवा काढता येते, इथे नाही. म्हणून छातीत कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. तो हवेपेक्षा जड असल्याने हवेची जागा घेतो आणि रक्तात पटकन विरघळतो.

या अडचणी पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. आलँ कारपाँतिए यांनी कॅमेऱ्याच्या मदतीने छोट्या छेदातून मायट्रल झडप दुरुस्त केली, तेव्हा हृदय पोटॅशियमने थांबवले नव्हते, थंड करून थरथरत्या अवस्थेत ठेवले होते. आजही आधी एकदा छाती उघडलेल्या निवडक रुग्णांत चिमटा न लावता अशा पद्धतीने काम केले जाते.

एकच मात्रा पुरते का?

रक्तात मिसळलेले पारंपरिक द्रावण दर १५ ते २० मिनिटांनी पुन्हा द्यावे लागते. छोट्या छेदात प्रत्येक वेळी थांबणे त्रासाचे. म्हणून एका मात्रेत दीर्घकाळ टिकणारी द्रावणे इथे लोकप्रिय झाली. डेल निडो द्रावण किलोमागे २० मिलिलिटर, जास्तीत जास्त साधारण एक लिटर, एकदा दिले की सुमारे दीड तास पुरते असे मानले जाते. एचटीके त्याहून अधिक वेळ चालते असा अनुभव आहे. पण त्याची मात्रा मोठी आणि त्यात सोडियम अत्यल्प, त्यामुळे ते दिल्यावर रक्तातील सोडियम घसरू शकते. भूलतज्ज्ञ आणि हृदय-फुफ्फुस यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट यांना त्याकडे लक्ष ठेवावे लागते.

मोठ्यांमध्ये डेल निडो आणि पारंपरिक रक्तमिश्रित द्रावण यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये एकंदर निष्पत्ती तुल्यबळ दिसली आहे. बऱ्याच अभ्यासांत डेल निडोमुळे हृदय पुन्हा सुरू होताना विजेचा झटका कमी वेळा लागला. ही आश्वासक बाब आहे. मात्र या चाचण्यांतील रुग्ण बहुतेक कमी जोखमीचे आणि क्लॅम्पचा वेळ मर्यादित असलेले होते. दोन झडपा बदलायच्या आहेत, हृदय आधीच कमजोर आहे, चिमटा दोन तासांच्या पुढे जाणार आहे, अशा रुग्णाबाबत तोच निष्कर्ष डोळे झाकून लावता येत नाही. एक मात्रा ‘पुरते’ याचा अर्थ घड्याळाकडे पाहायचे नाही, असा नाही. शस्त्रक्रियागृहात परफ्युजनिस्टने मोठ्याने वेळ सांगावी आणि शल्यविशारदाने ऐकावे, हा साधा नियमही रक्षणाचाच भाग आहे.

यात खर्चाचा मुद्दाही आहे. पोटॅशियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट, मॅनिटॉल, लिग्नोकेन ही सगळी साधी, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी औषधे. त्यांचे मूळ द्रावण सहज मिळत नाही तिथे रिंगर लॅक्टेट वापरूनही काम केले गेले आहे. म्हणजे उत्तम रक्षण ही श्रीमंत रुग्णालयांचीच मक्तेदारी नाही. पण ही मिश्रणे बऱ्याचदा रुग्णालयातच तयार होतात, म्हणून ती कोण बनवतो, कुठे बनवतो आणि तपासतो कोण, याला फार महत्त्व येते. २००५ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात बाहेरच्या औषधनिर्मात्याकडून आलेले कार्डिओप्लेजियाचे द्रावण जिवाणूंनी दूषित निघाले आणि त्यामुळे हृदयशस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण दगावले. टाके अचूक होते, चूक पिशवीत होती.

लहान छेदाचा फायदा नेमका किती?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. छोटा छेद ही केवळ जाहिरातबाजी नाही. छातीचे हाड कापले की ते जुळायला दीड-दोन महिने लागतात, तोवर वजन उचलता येत नाही. शेतमजूर, हमाल किंवा रिक्षाचालक यांच्यासाठी हे दोन महिने म्हणजे बुडालेली कमाई. तरुण मुलीच्या छातीवरचा उभा व्रण आपल्या समाजात तिच्या लग्नाच्या बोलण्यांत अडथळा ठरतो, हे वास्तव कटू असले तरी खरे आहे. हाडाच्या जखमेचा जंतुसंसर्ग टळणे, हाही मोठा लाभ.

पण लाभ मोजून पाहिला तर चित्र संयत दिसते. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘यूके मिनी मायट्रल’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मायट्रल झडप झिजून गळू लागलेल्या ३३० रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांवर छोट्या छेदातून आणि निम्म्यांवर हाड कापून शस्त्रक्रिया झाली. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांची शारीरिक क्षमता सारखीच होती. झडप दुरुस्त होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ९६ टक्के. वर्षभरातले गंभीर प्रसंगही जवळपास सारखे. छोट्या छेदाच्या गटात रुग्णालयातील मुक्काम मध्यमानाने ५ दिवसांचा, दुसऱ्या गटात ६ दिवसांचा. म्हणजे छोटा छेद सुरक्षित ठरला आणि घरी जाणे लवकर झाले, पण त्याने हृदय अधिक चांगले झाले असे नाही.

आणि ही शस्त्रक्रिया तरबेज हातांनी केली होती, हे विसरता येत नाही. जर्मनीतील लायपझिग येथे १७ शल्यविशारदांच्या सुमारे ३,९०० छोट्या छेदाच्या मायट्रल शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हात बसायला साधारण ७५ ते १२५ शस्त्रक्रिया लागतात आणि तो बसलेला राहायला आठवड्याला एकापेक्षा जास्त व्हाव्या लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. शिकण्याच्या या काळात काय होते? चिमटा जास्त वेळ लागलेला राहतो. म्हणजे नवशिक्या हातांची किंमत हृदयस्नायू चुकवतो. एखाद्या केंद्रात वर्षाला अशा आठ-दहाच शस्त्रक्रिया होत असतील, तर फलक कितीही मोठा असो, हिशेब जुळत नाही.

आपले रुग्ण वेगळे

ब्रिटनच्या चाचणीतील रुग्णांचे सरासरी वय ६७ होते आणि त्यांचा आजार झिजेचा होता. आपल्याकडे मायट्रल झडपेचा मोठा बोजा अजूनही संधिवाती तापाचा आहे. लहानपणी घसा दुखला, त्याकडे दुर्लक्ष झाले, ताप सांध्यांतून हृदयात गेला आणि विशी-तिशीत झडप जाड, चिकटलेली, चुनखडीसारखी कडक झाली. असा रुग्ण बहुधा उशिरा येतो. तोवर फुप्फुसातील दाब वाढून उजवा कप्पा थकलेला असतो. एकाच वेळी दोन झडपा बिघडलेल्या असू शकतात. म्हणजे चिमटा जास्त वेळ लागणार, आणि छोट्या छेदातून ज्याचे रक्षण सर्वांत अवघड तोच उजवा कप्पा सर्वांत दुबळा.

दुसरा बदलही ध्यानात घ्यायला हवा. वृद्धांच्या अरुंद झालेल्या महाधमनी झडपेसाठी आता जांघेतून नळीने झडप बसवण्याची टावी पद्धत रुळली आहे. तिच्यात हृदय थांबवून ठेवावे लागत नाही. ती जसजशी पसरते, तसतसे शल्यविशारदांकडे राहणारे रुग्ण अधिक गुंतागुंतीचे होत जातात: संधिवाती, तरुण, झडपेला जंतुसंसर्ग झालेले, दुसऱ्यांदा छाती उघडावी लागणारे. म्हणून हृदयस्नायूच्या रक्षणाचे महत्त्व पुढच्या काळात वाढणारच आहे.

याचा अर्थ संधिवाती रुग्णांना छोटा छेद देऊच नये, असा नाही. निवड नेटकी हवी आणि मध्येच अडचण आली तर हाड कापून मोठा छेद घेण्यात कमीपणा मानू नये. छोट्या छेदाचा हट्ट धरून चिमटा तासभर जास्त ठेवण्यापेक्षा तो निर्णय शहाणपणाचा असतो.

मोजायचे काय?

न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियांचे निष्कर्ष जोखमीनुसार समायोजित करून रुग्णालयनिहाय प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ब्रिस्टलमधील बालहृदयशस्त्रक्रियांच्या चौकशीनंतर ब्रिटनही त्याच वाटेने गेला. आपल्याकडे सामान्य रुग्णाला उघडून पाहता येईल अशी रुग्णालयनिहाय आकडेवारी नाही. त्यामुळे तुलना उरते ती फलकांची.

ही उणीव भरून काढायला मोठा खर्च लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्यातून झडपांच्या शस्त्रक्रियांचे पैसे दिले जातात, त्यासाठी कागदपत्रे घेतली जातात. त्यांत तीन नोंदी सक्तीच्या करता येतील: क्लॅम्पचा वेळ, वापरलेले द्रावण आणि त्याच्या मात्रांची वेळ, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसाचे ट्रोपोनिन. पहिल्या दोन नोंदी परफ्युजनिस्टच्या कागदावर तशाही असतात. तिसरी म्हणजे एक साधी रक्ततपासणी.

ट्रोपोनिनबाबत थोडे भान हवे. हृदयविकाराच्या झटक्यात ज्या पातळीला आपण दचकतो, ती शस्त्रक्रियेनंतर जवळपास सर्वांत ओलांडली जाते. १२ देशांतील १३,८६२ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, २०२२ मध्ये, असे आढळले की बायपास किंवा महाधमनी झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसात ट्रोपोनिन नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या सुमारे २१८ पट झाल्यावर ३० दिवसांतील मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. इतर हृदयशस्त्रक्रियांत हाच उंबरठा सुमारे ४९९ पट होता. म्हणून एका रुग्णाचा एक आकडा पाहून नातेवाइकांनी घाबरण्याचे कारण नाही. पण एका केंद्रातील शंभर रुग्णांचे आकडे सतत दुसऱ्या केंद्राच्या वर राहत असतील, तर त्या केंद्राने आपल्या रक्षणपद्धतीकडे वळून पाहायला हवे. टाके, द्रावण, हवा काढणे, वेळेची शिस्त, यांपैकी कुठे तरी काही तरी सुटते आहे.

रुग्ण आणि नातेवाइकांनीही छेदाबरोबर आणखी काही प्रश्न विचारावेत. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? माझ्यासारख्या रुग्णात हृदय साधारण किती वेळ थांबवावे लागते? त्या वेळात ते कसे जपणार? अडचण आली तर मोठा छेद घेण्याची तयारी आहे का, आणि तशी वेळ किती जणांवर आली? चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट, समोरच्या माणसाला नेमके काय पणाला लागले आहे हे कळले आहे, याचे त्याला समाधानच वाटते.

छातीवरचा व्रण कालांतराने फिकट होतो, कपड्याखाली झाकता येतो. हृदयाचा स्नायू मात्र एकदा गेला की पुन्हा फारसा उगवत नाही. म्हणून छेद किती सेंटिमीटरचा, या प्रश्नाइतकेच हृदय किती मिनिटे थांबले होते आणि त्या मिनिटांत त्याची काळजी कोणी कशी घेतली, हे प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.